लाडूंनी खाल्लेली भट्टी: चिंचोळीतील एका पोलाद कारखान्याच्या धूळ-गाळाचे प्रकरण

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत एका पोलाद कारखान्याच्या मागच्या कुंपणाला टेकून एक ढीग होता, आणि हे प्रकरण त्या ढिगाचे आहे. कारखाना मध्यम आकाराचा होता. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेले लोखंड) इंडक्शन भट्टीत, म्हणजे भोवतीच्या कॉइलमधील विजेने धातू तापवणाऱ्या भट्टीत, वितळवून इंगट, म्हणजे ओतीव ठोकळे, पाडायचे आणि शेजारच्या शेडमधील रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया व अँगल लाटायचे, हा त्याचा धंदा. या कामातून लोखंडाचा अंश असलेला जो जो टाकाऊ माल निघे, तो लोडरने उचलून त्या एकाच जागी ओतला जाई. असे कित्येक वर्षे चालले होते. ढीग वरून गंजाच्या रंगाचा दिसे, फावड्याने उकरला की आतून काळा निघे, आणि त्याच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग असे.

सोलापुरात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात उघड्या ढिगावर ताडपत्री टाकावी असे कोणाच्या मनात येत नाही. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात मात्र जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा ढिगाचा एक भाग चिखल होऊन नाल्यात उतरला आणि नाल्याचे पाणी लगतच्या रानात शिरले. तिथे नुकतीच रब्बी ज्वारी पेरलेली होती. शेतकऱ्याने तक्रार केली, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन नमुने घेऊन गेले, आणि ढिगात काय आहे, किती आहे व त्याची विल्हेवाट कशी लावणार, अशी लेखी विचारणा कारखान्याकडे आली.

मालकांनी काढलेला मार्ग वरकरणी निर्दोष होता. ढिगात लोखंड आहे, आपल्याकडे लोखंड वितळवणारी भट्टी आहे, तेव्हा ढीग भट्टीत घालावा; बाहेर काही जाणार नाही आणि भंगाराचा खर्चही वाचेल. त्यांनी जुनी हायड्रॉलिक प्रेस विकत घेतली. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळी दूर शोधावी लागत नाही. तिची वाहतूक व साठा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली येतो, तेवढा सोपस्कार उरकून मळी आणि विरलेला चुना यांच्या चिकटाव्यात ढिगातला माल मळून त्याचे मुठीएवढे गोळे पाडणे सुरू झाले. उन्हात वाळलेले हे काळे गोळे टोपलीत भरून भट्टीच्या फळीवर (तोंडालगतच्या कामाच्या मचाणावर) येऊ लागले, तेव्हा कामगारांनी त्यांना साहजिकच ‘लाडू’ म्हणायला सुरुवात केली. मंडळाला पाठवलेल्या उत्तरात मात्र ‘शंभर टक्के अंतर्गत पुनर्वापर’ असे शब्द होते.

प्रस्तुत लेखकाला बोलावले गेले ते त्यानंतर काही महिन्यांनी, आणि तेही ढिगासाठी नव्हे. भट्टीचे लायनिंग, म्हणजे आतला उष्णतारोधक थर, वारंवार जात होते आणि तो थर ठोकून बसवायची भुकटी, म्हणजे रॅमिंग मास, निकृष्ट आल्याचा संशय होता. पुरवठादाराशी भांडण जुंपण्याच्या बेतात होते.

भट्टीपाशी

रॅमिंग मासमध्ये खोट नव्हती. भट्टी थंड करून आत पाहिले तेव्हा लायनिंगच्या वरच्या निम्म्या भागात, धातूच्या पृष्ठाची रेषा जिथे येते तिथे, कमरपट्ट्यासारखी खोल खाच सबंध वर्तुळभर पडलेली दिसली. खाचेचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळपट होता. तिथे उभ्या असलेल्या वयस्क मेल्टरमामांनी, कोणी न विचारता, जे निदान केले त्यात पुढच्या सगळ्या तपासण्यांनी फारशी भर घातली नाही: “साहेब, आपण भट्टीला लाडू घालतोय म्हणतोय, पन लाडूच भट्टीला खायलेत ओ. शेठना कोन सांगनार?”

याचे रसायन सोपे आहे. इंडक्शन भट्टीचे लायनिंग बहुधा सिलिकाचे, म्हणजे आम्लधर्मी असते. लाडूंतले लोखंड धातुरूपात नव्हते, ऑक्साइडच्या रूपात होते. फेरस ऑक्साइड आणि सिलिका एकत्र आले की फायालाइट नावाचे सिलिकेट तयार होते आणि ते सुमारे १,२०० अंश सेल्सिअसलाच वितळते. भट्टीतले पोलाद १,६०० अंशांच्या वर असते. म्हणजे मळीत मळलेले ऑक्साइड स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या टाकाऊ थरात, उतरले की ती स्लॅग भिंतीला चाटत बसते, भिंत विरघळते, विरघळलेली सिलिका स्लॅगमध्ये जाते आणि खाच रोज थोडी आत सरकते.

दुसरी खूण अधिक धोक्याची होती. पॅनेलवरचा अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडे गळत असल्याचा) इशारा अधूनमधून वाजत असे आणि कर्मचारी तो ‘सेन्सरचा नखरा’ समजून दाबून टाकत. लायनिंग फोडल्यावर कॉइलच्या बाजूच्या थंड थरात करडी-पांढरी पुटे आणि बारीक धातूचे कण सापडले. ते जस्त होते. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश आहे; पोलादाच्या भट्टीत ते द्रवरूपात टिकत नाही, त्याची वाफ होते. बहुतेक वाफ वर जाऊन हवेत जळते आणि बॅग फिल्टरमध्ये (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांत) पांढरट धूळ म्हणून अडकते, पण थोडी वाफ लायनिंगच्या सूक्ष्म छिद्रांतून मागे झिरपते आणि पाण्याने थंड ठेवलेल्या कॉइलजवळ पोहोचली की गोठते. विद्युतवाहक धातूचा असा थर कॉइलच्या दिशेने वाढत जाणे म्हणजे काय, हे ज्याने कॉइल फुटताना पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. इशारा दाबून टाकण्याची सवय हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष होता, असे माझे मत आजही आहे. बाकी सगळे पैशाचे नुकसान होते.

तिसरी घटना आम्ही तिथे जाण्यापूर्वी घडून गेली होती. अवकाळी पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ओलसर लाडूंची टोपली वितळलेल्या धातूवर पडली आणि धातू उसळून फळीवर आला. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशेपटींहून अधिक वाढते. ती जागा तिला धातूखाली मिळत नाही. दैव बलवत्तर म्हणून कोणी भाजले नाही. मळी हवेतली आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे उन्हात कडक वाळलेला गोळाही पावसाळी हवेत दोन दिवसांत मऊ पडतो, ही साधी गोष्ट प्रेस घेताना कोणी लक्षात घेतली नव्हती.

ढिगात काय होते

ढीग हा एक पदार्थ नव्हता. तीन वेगळ्या वाटांनी आलेला, तीन वेगळ्या स्वभावांचा माल त्यात कालवला गेला होता.

पहिली रोलिंग मिलची स्केल. तापवणीच्या भट्टीतून लालबुंद इंगट बाहेर आला की हवेशी संयोग होऊन त्याच्यावर ऑक्साइडची साल धरते आणि रोलखाली ती पापुद्र्यांनी गळून पडते. या पापुद्र्यात आतून बाहेर वुस्टाइट, मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट असे थर असतात. शुद्ध स्थितीत त्यांतले लोखंडाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७८, ७२ आणि ७० टक्के. कोरडी, बिनतेलाची स्केल ही चांगल्या प्रतीच्या लोहखनिजापेक्षाही श्रीमंत वस्तू आहे.

दुसरा स्केल पिटमधला गाळ. रोल थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक स्केल हौदात बसते आणि रोलच्या बेअरिंगमधले ग्रीस व तेल तिच्या कणाकणाला चिकटते. कण जितका बारीक तितके तेल जास्त. असा गाळ भट्टीत घातला की तेलाचा धूर होतो, तो धूर बॅग फिल्टरच्या कापडावर चिकट थर धरतो आणि पिशव्या गुदमरतात. पॉलिस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या पलीकडे फार काळ तग धरत नाहीत, हे लक्षात घेतले तर तेलकट थराला एखादी ठिणगी लागल्यावर काय होईल याचा अंदाज येतो.

तिसरी बॅग फिल्टरची धूळ, आणि खरे कोडे तीच होती. विद्युत चाप भट्टीत, म्हणजे विजेच्या चापाने (सलग ठिणगीने) भंगार वितळवणाऱ्या भट्टीत, दर टन पोलादामागे साधारण १० ते २० किलो धूळ निघते. इंडक्शन भट्टीत चाप नाही आणि ऑक्सिजनचा झोतही नाही, त्यामुळे ती कमी निघते. पण तिच्यात काय असेल ते सर्वस्वी भंगारावर ठरते. जस्ती पत्रा, रंगवलेला पत्रा, पितळेचे तुकडे अडकलेले नळ, बॅटरीचे अवशेष असे जे भट्टीत जाईल, त्यातले जस्त, शिसे आणि कॅडमियम धुळीत येऊन बसते. शिवाय यातले बरेचसे जस्त साध्या ऑक्साइडच्या रूपात नसते. ते लोखंडाशी बांधले जाऊन झिंक फेराइट बनलेले असते, आणि ते सौम्य आम्लाला दाद देत नाही.

घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वायू शुद्धीकरणातून निघालेल्या अवशेषांची गणना घातक कचऱ्यात आहे. असा कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तो बाहेर पाठवताना नमुना १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबतचे नोंदपत्र, लागते, आणि त्याचा दुसऱ्या प्रक्रियेत कच्चा माल म्हणून वापर करायचा तर मंडळाची मान्यता लागते. कारखान्याने ही धूळ स्केलमध्ये कालवली तेव्हा घातक कचरा संपला नव्हता. उलट चांगली स्केल घातक कचऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसली होती. ढिगाच्या नमुन्याची निक्षालन चाचणी, म्हणजे मालातून द्रवात काय झिरपते याची तपासणी, केली तेव्हा काही नमुन्यांत शिसे लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेले. स्केल एकटी असती तर हे घडण्याचे कारण नव्हते.

दोन हिशेब

मालकांशी बोलताना रसायन बाजूला ठेवून आम्ही दोन हिशेब कागदावर मांडले.

पहिला विजेचा. ऑक्साइडमधून लोखंड मोकळे करायचे तर कार्बन आणि उष्णता दोन्ही लागतात. ७२ किलो फेरस ऑक्साइडला १२ किलो कार्बन लागतो आणि ५६ किलो लोखंड मिळते. ही अभिक्रिया उष्णता शोषून घेणारी आहे. एक टन लोखंड अशा रीतीने मोकळे करायला, वितळवण्याची वीज सोडून, केवळ अभिक्रियेसाठीच साडेसातशे ते आठशे युनिट इतकी ऊर्जा सिद्धांतानेच लागते. भंगार वितळवून टॅप करेपर्यंत (भट्टीबाहेर ओतेपर्यंत) इंडक्शन भट्टीला टनामागे एकंदर ५५० ते ६५० युनिट पुरतात. म्हणजे लाडूतले लोखंड ‘फुकट’ नव्हतेच. ते भंगारातल्या लोखंडाच्या दुपटीहून महाग वीज खात होते, आणि मळीतला तुटपुंजा कार्बन संपला की उरलेले ऑक्साइड स्लॅगमध्ये जाऊन भिंत खात होते. हिशेब पूर्ण होईपर्यंत मालक गप्प होते. मग त्यांनी मुनिमांना हाक मारून गेल्या सहा महिन्यांची वीजबिले मागवली.

दुसरा हिशेब जस्ताचा. समजा भंगाराबरोबर दररोज १०० किलो जस्त भट्टीत येते आणि ते सगळे धुळीत जाते. त्या धुळीचा निम्मा भाग लाडूंत घालून परत भट्टीत टाकला तर काही दिवसांनी धुळीत रोज २०० किलो जस्त दिसू लागेल, कारण निम्मे, म्हणजे १०० किलो, बाहेर पडेपर्यंत समतोल साधणारच नाही. सगळीच धूळ परत घातली तर समतोल कधीच साधत नाही. जस्त फिरत राहते, साठत राहते आणि वाट सापडेल तिथे, लायनिंगच्या मागेसुद्धा, शिरते. ‘शंभर टक्के अंतर्गत पुनर्वापर’ या शब्दांचा भौतिक अर्थ एवढाच होतो.

खनिजापासून पोलादापर्यंत सगळे करणाऱ्या एकात्मिक कारखान्यांत धूळ-गाळ सिंटर प्लँटमधून (बारीक माल भाजून त्याचे खडे करणाऱ्या विभागातून) पुन्हा झोतभट्टीत जातो, हे उदाहरण मालक वारंवार देत. ते खरे आहे. पण तिथे खनिजाच्या प्रचंड राशीत टाकाऊ मालाचा अंश थोडा असतो, क्षपणासाठी (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी) कोक हाताशी असतो, आणि तरीही जस्ताची मर्यादा काटेकोर पाळावी लागते. चिंचोळीच्या भट्टीला यातले काहीच लागू नव्हते.

खताचा व्यापारी

याच सुमारास एक दलाल येऊन गेला. धूळ आहे तशी उचलतो, रोख पैसे देतो, मॅनिफेस्टची भानगड नको, असे त्याचे म्हणणे होते. माल झिंक सल्फेट करणाऱ्याकडे जाणार असल्याचे त्याने सांगितले. सोलापूरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्ताची उणीव नवी नाही, आणि इथला डाळिंब व द्राक्षबागायतदार झिंक सल्फेट नेमाने टाकतो, त्यामुळे या मालाला मागणी आहे हे खोटे नव्हते. मालकांचे मन द्विधा झाले. घरचा कचरा विकला जातोय, आणखी काय हवे?

इथे आम्ही कडक भूमिका घेतली. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये शिसे ०.००३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पोलाद भट्टीच्या धुळीत ते टक्क्यांच्या मापात असू शकते. दोन्हींमधले अंतर शेकडो पटींचे आहे, आणि ते कापायला व्यवस्थित शुद्धीकरण लागते. रोखीने आणि कागदाविना माल उचलणारा माणूस ते करील, यावर विश्वास ठेवायला काही आधार नव्हता. नाल्यातून एका रानात गेलेले शिसे पोत्यातून शंभर बागांत पाठवणे, एवढाच त्या सौद्याचा अर्थ होता. मालकांनी दलालाला चहा पाजून परत पाठवले.

काय केले

लाडू त्याच आठवड्यात बंद झाले आणि ढिगावर नवा माल टाकणे थांबले. तिन्ही वाटा वेगळ्या करायला मात्र दोन-तीन महिने गेले, कारण लोडरच्या चालकाचा हात सवयीने मागच्या कुंपणाकडेच वळत असे.

स्केल आता रोलखालूनच कोरडी गोळा होते, चाळली जाते आणि पत्र्याच्या छपराखाली काँक्रीटच्या कप्प्यात राहते. तिला गिऱ्हाईक शोधताना एक गमतीदार चूक झाली. होटगी आणि टिकेकरवाडी भागात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि सिमेंटच्या कच्च्या मिश्रणात लोहाची उणीव भरायला स्केल वापरतात, तेव्हा माल गावातच खपेल असे सगळ्यांनी गृहीत धरले. पण ते कारखाने दळणाचे आहेत. त्यांचा क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचा भाजलेला खडा, बाहेरून येतो, आणि स्केल लागते ती क्लिंकर भाजणाऱ्या ठिकाणी. चुनखडीच्या खाणी आणि क्लिंकरच्या भट्ट्या वाडी, मळखेड, सेडम या कलबुर्गीच्या पट्ट्यात आहेत. अखेर तिकडून सिमेंट घेऊन येणाऱ्या आणि एरवी रिकाम्या परतणाऱ्या ट्रकांमुळे भाड्याचे गणित जमले. धूळ मात्र या वाटेने चालत नाही, कारण जस्त सिमेंटचा घट्ट होण्याचा वेग मंदावते; म्हणून स्केलच्या प्रत्येक लॉटचे जस्त तपासले जाते.

गाळासाठी स्केल पिटला दुसरा कप्पा आणि तेल निथळणारा पट्टा बसवला. निथळलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे जाते आणि उरलेला गाळ मंडळाच्या मान्यतेने सिमेंट भट्टीत सहप्रक्रियेसाठी, म्हणजे तिथल्या मालाबरोबर भाजला जाण्यासाठी. यात कारखान्याला पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात.

धुळीच्या बाबतीत केलेला बदल मला स्वतःला सर्वांत समाधान देणारा वाटतो. जस्त परत मिळवण्याची रूढ पद्धत वेल्झ भट्टीची: धूळ आणि कोक लांबट फिरत्या भट्टीत १,००० ते १,२०० अंशांवर तापवायचे, जस्ताची वाफ काढायची, ती पुन्हा ऑक्साइड होऊ द्यायची आणि पकडायची. हे परवडायला धुळीत जस्त १५-२० टक्क्यांच्या आसपास तरी हवे. या कारखान्याची धूळ त्याच्या बरीच खाली होती, कारण जस्ती पत्रा रोज थोडाथोडा सगळ्या हीटमध्ये (वितळणीच्या घाण्यांमध्ये) विखुरला जात होता. आता भंगाराच्या आवारातच पत्रा वेगळा काढतात आणि आठवड्यातला एक दिवस ठरवून त्या दिवशीच्या हीटमध्ये घालतात. लायनिंग कोरे असताना नाही. ते भाजून घट्ट झाल्यावरच. त्या दिवशी सुरुवातीला बॅग फिल्टरखालचे धूळ साठणारे हॉपर रिकामे करतात आणि संध्याकाळी निघालेली धूळ वेगळ्या जंबो बॅगमध्ये तारीख घालून बांधतात. कामगारांच्या भाषेत तो ‘पत्र्याचा वार’. त्या वारची धूळ मान्यताप्राप्त जस्त पुनर्प्रक्रियाकार मॅनिफेस्टवर नेतो. बाकीच्या सहा दिवसांची धूळ गरीबच असते. ती रांजणगावच्या सामाईक घातक कचरा केंद्रात जाते आणि तिचे पैसे मोजावे लागतात.

जुन्या ढिगाचे मात्र काही करता आले नाही. चाळून, धुऊन, चुंबकाने ओढून स्केल वेगळी काढण्याचा प्रयत्न झाला, पण मळी-चुन्याने बांधलेले अर्धवट लाडू, तेल आणि धूळ एकमेकांत इतकी मुरली होती की वेगळ्या काढलेल्या भागातही शिसे येतच राहिले. मंडळाकडून मुदत वाढवून घेऊन तो ढीगही टप्प्याटप्प्याने रांजणगावलाच पाठवावा लागला. ज्या स्केलचे पैसे आले असते तिच्यासाठी पैसे भरावे लागले, ही गोष्ट मालकांना फार लागली. शेवटचा ट्रक गेला तेव्हा खालची जमीनही फूटभर खरवडून त्यातच भरली होती.

हायड्रॉलिक प्रेस अजून आहे. तिच्यावर आता यंत्रशाळांतून येणारा टर्निंगचा चुरा, कटिंग ऑइल नीट निथळवून, दाबतात. हा चुरा धातूचा असतो, ऑक्साइडचा नव्हे. सुटा घातला तर पृष्ठभागावरच जळून जातो, दाबून घातला तर सरळ वितळतो. त्या वड्यांनाही कामगार लाडूच म्हणतात. फळीवर टोपली आली की मेल्टरमामा आधी एक वडी उचलून हाताने ओल बघतात, मगच टोपली पुढे जाऊ देतात.